वेणी आणि बेसबॉल : अमेरिकेत मिसळून गेलेल्या १२० चिनी मुलांची हकिकत

१/ परदेशी शिकायला गेलेल्या मुलाने तिथल्या समाजात किती मिसळावे? मुळीच मिसळला नाही तर तो एकाकी पडतो आणि शिक्षणही अर्धेच पदरात पडते. पूर्ण मिसळला तर घरचे म्हणतात, पोरगा हातचा गेला. आईवडिलांना पिढ्यानपिढ्या पडत आलेला हा प्रश्न १८८१ मध्ये चीनच्या दरबारापुढे सरकारी कामकाज म्हणून आला होता. प्रश्न अमेरिकेत शिकायला पाठवलेल्या १२० मुलांच्या तुकडीचा होता. दरबाराने उत्तर दिले आणि बहुतेकांचे शिक्षण अर्ध्यावर थांबले. त्या मुलांची ही हकिकत. (धागा)

२/ हकिकतीची सुरुवात एका माणसापासून होते. युंग विंग. जन्म १८२८, मकावजवळच्या एका खेड्यात. वडिलांनी त्याला लहानपणीच मकावमधल्या मिशनरी शाळेत घातले. १८४७ मध्ये सॅम्युएल ब्राउन हे शिक्षक अमेरिकेस परत निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर जे तीन विद्यार्थी गेले त्यांत युंग विंग होता. मॅसॅच्युसेट्समध्ये शालेय शिक्षण संपवून तो येल विद्यापीठात गेला आणि १८५४ मध्ये पदवीधर झाला. अमेरिकन विद्यापीठाची पदवी मिळवणारा तो पहिला चिनी. दरम्यान १८५२ मध्ये त्याने अमेरिकेचे नागरिकत्वही घेतले होते.

३/ परदेशात रुळण्याची किंमत त्याला परतीच्या प्रवासातच कळली. हाँगकाँगजवळ जहाजावर चिनी वाटाड्या चढला. जवळपास धोक्याचे खडक आणि उथळ जागा आहेत का, हे त्याला विचारून सांग, असे कप्तानाने युंग विंगला सांगितले. त्या गोष्टींना चिनी भाषेत काय म्हणतात, हे त्याला काही केल्या आठवेना. गंमत अशी की ते इंग्रजी शब्द वाटाड्यालाच ठाऊक होते. स्वतःच्या देशाच्या दारात उभा असलेला दुभाषा मुका झाला. हा प्रसंग त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे.

४/ घरी आई भेटली. तिची दृष्टी प्रथम गेली मुलाच्या मिशांवर. थोरल्या भावाने अजून मिशा राखलेल्या नाहीत, मग धाकट्याने कशा राखाव्या? काढून टाक, असे तिने सांगितले. युंग विंगने ताबडतोब आज्ञा पाळली. आठ वर्षांच्या अमेरिकेनंतरही त्याला एवढे उमगत होते की काही गोष्टींत वाद घालायचा नसतो. विसरलेली बोली त्याने पुन्हा शिकून घेतली. मनात मात्र एकच ध्यास राहिला : आपल्याला मिळाले ते शिक्षण चीनमधल्या आणखी मुलांना मिळावे.

५/ त्यासाठी जवळजवळ १७ वर्षे थांबावे लागले. त्या काळात चीनने दुसरे अफूयुद्ध हरले, तायपिंगच्या बंडात देश होरपळून निघाला, आणि तोफा व आगबोटी बनवण्याची विद्या शिकल्यावाचून गत्यंतर नाही, हे झेंग ग्वोफान आणि ली होंगचांग यांच्यासारख्या मोठ्या सुभेदारांना पटले. युंग विंगने या सुभेदारांसाठी अमेरिकेतून यंत्रसामग्री आणून दिली होती. त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आले. १८७० नंतर त्याच्या योजनेस दरबाराची मंजुरी मिळाली. ज्यांनी ती उचलून धरली ते झेंग ग्वोफान मात्र पहिली तुकडी निघण्यापूर्वीच, १८७२ च्या मार्चमध्ये वारले.

६/ योजना अशी होती. दरवर्षी ३० याप्रमाणे चार वर्षांत १२० मुले पाठवायची. शिक्षण १५ वर्षांचे. सारा खर्च सरकारचा. मुलाने मध्येच परतायचे नाही, तिकडचे नागरिकत्व घ्यायचे नाही, खासगी चाकरी धरायची नाही. मुलगा तिकडे आजारी पडून मेला तर सरकार जबाबदार राहणार नाही, असा कागद पालकांकडून लिहून घेतला जाई. सरकारी परीक्षांच्या मार्गाने मोठी होऊ पाहणारी घराणी असल्या व्यवहाराकडे फिरकलीही नाहीत. बहुतेक मुले आली ती दक्षिणेकडच्या क्वांगतुंग प्रांतातून. तिथल्या लोकांना समुद्रापलीकडचे व्यवहार परिचयाचे होते.

७/ मुलांचे वय साधारण १० ते १६. शांघायच्या तयारीच्या शाळेत थोडे इंग्रजी, बरेचसे चिनी. ऑगस्ट १८७२ मध्ये पहिली तुकडी जहाजाने निघाली. पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्को आणि तिथून अवघ्या तीन वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या रेल्वेने थेट पूर्व किनारा. दुसऱ्या वर्षीच्या तुकडीला तर वाटेत आगगाडीवर पडलेला दरोडाही पाहावा लागला. अमेरिकेचे पहिले दर्शन असे पिस्तुलांसकट घडले.

८/ मुलांना ठेवायचे कुठे, हा पहिला खरा प्रश्न. एकाच वसतिगृहात ठेवली असती तर देखरेख सोपी झाली असती. कनेक्टिकट राज्याच्या शिक्षण मंडळाचे चिटणीस नॉर्थ्रप यांनी वेगळा सल्ला दिला : दोन-दोन, चार-चार मुले एकेका कुटुंबात ठेवावी. इंग्रजी लवकर येईल, रीतिरिवाज आपोआप कळतील. युंग विंगला हे पटले. कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्समधल्या शिक्षकांनी, डॉक्टरांनी, धर्मोपदेशकांनी आपली घरे उघडली. पुढे जे काही घडले, त्याचे बीज या एका निर्णयात होते.

९/ यान फू ली हा दुसऱ्या तुकडीतला मुलगा. त्याने पुढे आपल्या बालपणावर पुस्तक लिहिले. स्प्रिंगफील्ड गावातल्या हॉटेलात मुलांची वाटणी चालू होती. त्याला न्यायला आलेल्या बाईंनी त्याला जवळ घेतले आणि त्याचा मुका घेतला. बाकीची मुले हसली, हा लाजून लाल झाला. अगदी तान्हेपण संपल्यापासून कुणी आपला मुका घेतला नव्हता, असे तो लिहितो. चिनी घरात माया नसते असे नव्हे, पण ती दाखवण्याची रीत निराळी. त्या बाईंना हे ठाऊक नव्हते. तरी आपले इथे स्वागत आहे, एवढे मुलाला नीट कळले.

१०/ पहिल्याच रविवारी घोटाळा झाला. यजमानीणबाईंनी ली आणि त्याच्या सोबत्याला ‘संडे स्कूल’ला चलायला सांगितले. दोघांना त्यातला ‘स्कूल’ तेवढा कळला. शाळा म्हणून दोघे मोठ्या तयारीने निघाले. आत जाऊन पाहतात तो प्रार्थना चाललेली. हे तर चर्च, असे लक्षात येताच दोघांनी धूम ठोकली आणि थेट घर गाठले. परक्या धर्माच्या दारातून पळणारी हीच पिढी पुढे काय करणार होती, याची त्या वेळी कुणालाच कल्पना नव्हती.

११/ पोशाखाचा प्रश्न लवकर सुटला. रेशमी लांब झगे आणि पाठीवर वेणी पाहून रस्त्यावरची पोरे त्यांना मुली म्हणून चिडवत. मारामाऱ्या होऊ लागल्या. अखेर झग्यांच्या जागी कोट आणि विजारी आल्या. वेणी मात्र राहिली. ती केवळ केशरचना नव्हती. डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे वेणी सोडणे ही मांचू राजवटीने चिनी प्रजेवर लादलेली राजनिष्ठेची खूण होती. ती कापणे म्हणजे राजद्रोह. वेणीवाचून मायदेशी परतणे धोक्याचे होते.

१२/ भाषा मुलांना शाळेच्या आधी घरात आली. पुष्कळ मुले शाळेत जाण्यापूर्वी यजमान कुटुंबातच शिकत. जेवणाच्या टेबलावर पदार्थाचे नाव घेऊन तो मागायचा, खेळताना भांडायचे ते इंग्रजीत भांडायचे, झोपताना घरातल्या थोरांना शुभरात्री म्हणायचे. त्या घरांतल्या स्त्रियांनी या मुलांची दुखणी काढली, पत्रे लिहायला शिकवली, अभ्यासाला बसवले. काही मुले मायदेशी परतल्यावर कित्येक वर्षे या ‘अमेरिकन आयां’ना पत्रे पाठवत राहिली. त्यांतली काही पत्रे आज इतिहासाची साधने झाली आहेत.

१३/ शाळेच्या मैदानावर त्यांनी बेसबॉल आत्मसात केला. हार्टफर्डच्या मुलांनी ‘ओरिएंटल्स’ नावाचा स्वतःचा संघ काढला. वेणी सदऱ्यात खोचून किंवा डोक्याभोवती गुंडाळून ते खेळत. या संघाचा चेंडूफेक्या ल्यांग दुनयान पुढे चीनचा परराष्ट्रमंत्री झाला. ज्या मुलाच्या बोलण्याच्या ढबीला वर्ग हसत होता, त्याच्याच चेंडूवर चांगले फलंदाज बाद होऊ लागले की हसणे आपोआप थांबते. शाळकरी समाजाचे हे गणित कुठल्याही देशात सारखेच असते.

१४/ हार्टफर्डला त्यांच्याबरोबर शिकलेले विल्यम ल्यॉन फेल्प्स पुढे येलमध्ये इंग्रजी साहित्याचे नामवंत प्राध्यापक झाले. त्यांनी आपल्या चिनी सोबत्यांच्या आठवणी लिहिल्या आहेत. खेळांत ही मुले तरबेज होतीच. नृत्याच्या समारंभांत तर त्यांची नम्र, रुबाबदार वागणूक पाहून गावातल्या सर्वांत देखण्या मुली अमेरिकन मुलांना सोडून त्यांच्याबरोबर नाचणे पसंत करत, असे ते सांगतात. या आठवणींत मत्सर आहे, आणि तो मत्सर बरोबरीच्या मित्राविषयी वाटावा तसा आहे.

१५/ मुले मोठी होऊन महाविद्यालयांत पोहोचली. सर्वाधिक गेली ती येलमध्ये. येल आणि हार्वर्ड यांच्यातली नौकाशर्यत म्हणजे त्या भागातला मोठा मानाचा सोहळा. १८८० आणि १८८१ या दोन्ही वर्षी येलच्या नौकेचे सुकाणू धरून वल्हेकऱ्यांना ताल देण्याचे काम चुंग मुन-यू या चिनी विद्यार्थ्याकडे होते. दोन्ही वर्षी येल जिंकले. येलच्या विद्यार्थ्यांनी आपली सर्वांत प्रतिष्ठेची शर्यत एका वेणीधारी मुलाच्या हाती सोपवली, हा स्वीकाराचा पुरावा कुठल्याही भाषणापेक्षा मोठा आहे.

१६/ या साऱ्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होती हार्टफर्डच्या कॉलिन्स स्ट्रीटवरची तीनमजली इमारत. हे योजनेचे मुख्यालय. ठरावीक काळाने मुलांना पाळीपाळीने इथे यावे लागे. कन्फ्युशियसचे ग्रंथ, चिनी सुलेखन, निबंध. ठरावीक दिवशी सम्राटाच्या आज्ञापत्राचे वाचन आणि पेकिंगच्या दिशेने गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून वंदन. चुकल्यास छडी. बाहेर बर्फात घसरगाड्या चालल्या असताना आत बसून पाठांतर करणाऱ्या मुलांनी या घराला ठेवलेले खासगी नाव होते ‘नरकगृह’.

१७/ हा हेका केवळ जुनाट लोकांचा म्हणून सोडून देता येत नाही. चिनी लिहिता-वाचता न येणारा माणूस चीनच्या राज्यकारभारात काय कामाचा? दहा-बारा वर्षांचे मूल १५ वर्षे दूर राहिले तर भाषा विसरणारच, हे युंग विंगच्या स्वतःच्या अनुभवाने सिद्ध झाले होते. योजनेचे दुसरे प्रमुख चेन लानबिन जुन्या परंपरेतले विद्वान होते. मुलांच्या खेळण्याबागडण्यावरून, पोशाखावरून, चर्चला जाण्यावरून दोघांत सतत खटके उडत. १८७५ मध्ये युंग विंगने मेरी केलॉग या अमेरिकन तरुणीशी विवाह केला, तेव्हा तर विरोधकांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले.

१८/ मुलांची बाजू दिवसेंदिवस अवघड होत गेली. यजमान कुटुंबात रोज रात्री प्रार्थना, रविवारी चर्च. प्रेमाने वागवणाऱ्या घरात एवढे एक वगळून बाकी सारे आपले मानायचे, हे कुठल्या मुलाला जमेल? काहींनी ख्रिस्ती धर्म मनोमन स्वीकारला, काहींनी उघडपणे. युंग विंगचा नातलग युंग क्वाय याने धर्मांतर करून वेणीही कापली. त्याच्या वडिलांनी त्याच्याशी संबंध तोडले. तो परतला नाही. येलची पदवी घेऊन त्याने पुढे वॉशिंग्टनच्या चिनी वकिलातीत आयुष्यभर काम केले. ज्याला घराने नाकारले, तो देशाचीच चाकरी करत राहिला.

१९/ १८८० च्या सुमारास वू झिदेंग हे नवे प्रमुख आले. मुले भेटीस आली, पण त्यांनी रिवाजाप्रमाणे कपाळ जमिनीला लावून वंदन केले नाही, म्हणून वाद झाला. वू यांनी पेकिंगला तक्रारी धाडल्या : मुले उद्धट झाली आहेत, गुरूंचा मान ठेवत नाहीत, अभ्यासापेक्षा खेळतात जास्त, चर्चमध्ये आणि गुप्त मंडळांत जातात. यांना आणखी इथे ठेवले तर ती चीनच्या उपयोगी पडणार नाहीतच, उलट अपाय करतील. तक्रारीतली बरीच निरीक्षणे खरी होती. वाद होता तो त्यांचा अर्थ काय लावायचा, याचा.

२०/ आता अमेरिकेची बाजू. १८६८ च्या बर्लिंगेम करारानुसार चिनी प्रजाजनांना अमेरिकेच्या सरकारी शिक्षणसंस्थांत प्रवेशाची हमी होती. चीनला मुख्यतः हवे होते ते लष्करी आणि नाविक शिक्षण. युंग विंगने वेस्ट पॉइंट आणि अॅनापोलिस येथे प्रवेश मागितला. परराष्ट्र खात्याने कळवले, चिनी विद्यार्थ्यांसाठी तिथे जागा नाही. जपानी विद्यार्थी अॅनापोलिसमध्ये घेतले गेले होते, त्यामुळे हा अपमान अधिक झोंबला. योजनेचा मूळ हेतूच यामुळे लंगडा पडला.

२१/ तिकडे कॅलिफोर्नियात चिनी मजुरांविरुद्ध रान पेटले होते. रेल्वे बांधून झाली, मंदी आली, आणि कमी मजुरीवर राबणारा चिनी माणूस गोऱ्या कामगारांच्या डोळ्यांत सलू लागला. १८८२ मध्ये चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा झाला. विद्यार्थी त्यातून वगळलेले होते. पण हार्टफर्डच्या दिवाणखान्यात ज्याला मानाची खुर्ची मिळे, तोच चेहरा सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर दगड खाऊ शकत होता. मुलांना आपलेसे केले होते काही कुटुंबांनी, काही गावांनी. देशाने आपलेसे केले नव्हते.

२२/ योजना वाचवण्यासाठी धडपड झाली. हार्टफर्डचे धर्मोपदेशक जोसेफ ट्विचेल हे युंग विंगचे जिवलग मित्र. त्यांचे दुसरे मित्र म्हणजे लेखक मार्क ट्वेन. दोघे न्यूयॉर्कला जाऊन माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना भेटले. ग्रँट आणि ली होंगचांग यांची चीनमध्ये भेट झालेली होती. ग्रँटनी तत्काळ पत्र लिहिले. येलचे अध्यक्ष पोर्टर यांच्या पुढाकाराने शिक्षणक्षेत्रातल्या मान्यवरांनीही पेकिंगला निवेदन पाठवले : या मुलांनी आमच्या संस्थांना आणि तुमच्या देशाला भूषण आणले आहे. परिणाम तात्पुरता झाला. १८८१ च्या उन्हाळ्यात परतीचा हुकूम आलाच.

२३/ त्या वेळेपर्यंत पदवी पूर्ण झालेले केवळ दोघे. बाकी कुणी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात, कुणी शाळेच्या शेवटच्या. सुमारे शंभर मुले आगगाडीने सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली. जहाजाची वाट पाहताना ओकलंडच्या संघाने त्यांना बेसबॉलच्या सामन्याचे आव्हान दिले. चिनी पोरांना खेळ तो काय येणार, अशी यजमानांची समजूत. ‘ओरिएंटल्स’नी तो सामना जिंकला. अमेरिकेतला त्यांचा हा शेवटचा खेळ. त्यानंतर जहाज.

२४/ शांघायच्या धक्क्यावर आप्तेष्ट येतील, स्वागत होईल, अशी आशा होती. आला तो पहारा. खलाशांच्या बंदोबस्तात, बघ्यांच्या टवाळीतून मुलांना शहरातल्या एका बंद पडलेल्या, कुबट वास येणाऱ्या शाळेत नेऊन ठेवले. बाहेर जाण्यास मनाई. ऐन शरद पौर्णिमेच्या सणाला कुटुंबांची भेट नाही. हुआंग काइजिया या विद्यार्थ्याने आपल्या हार्टफर्डच्या यजमानीणबाईंना हे सारे पत्राने कळवले. अमेरिकेत पहिल्या दिवशी या मुलांना मायेने कवटाळणारे कुणी भेटले होते. मायदेशी पहिल्या रात्री त्यांच्या दाराला कुलूप होते.

२५/ नोकऱ्या वाटल्या गेल्या त्या शिक्षणाकडे न पाहता. बऱ्याच जणांना तियानजिनच्या तारखात्यात घातले, काहींना फूचौच्या नाविक शाळेत. त्यांच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. चिनी बोलताना ते अडखळत, लिहिताना चुकत. ‘परदेशी सैतानांचे चेले’ अशी त्यांची हेटाळणी होई. १८८४ मध्ये फूचौच्या बंदरात फ्रेंच आरमाराने चिनी जहाजे बुडवली. तिथे लढताना यांच्यातले चौघे मारले गेले. वू झिदेंग यांनी ज्यांच्या निष्ठेविषयी शंका घेतली होती, तीच ही मुले.

२६/ झान तियानयू हा पदवी पूर्ण झालेल्या दोघांपैकी एक. येलमध्ये त्याने स्थापत्य अभियांत्रिकी घेतली होती. परतल्यावर त्याला शिकायला लावले जहाज चालवायला. रेल्वेच्या कामावर येण्यासाठी १८८८ उजाडावे लागले. १९०५ ते १९०९ या काळात त्याने पेकिंग ते झांगजियाको हा सुमारे २०० किलोमीटरचा डोंगराळ लोहमार्ग परदेशी अभियंत्यांवाचून बांधून काढला. चीनच्या भिंतीजवळचा उभा चढ पार करायला त्याने मार्गाला उलटसुलट वळण दिले. आज त्या स्थानकावर त्याचा पुतळा उभा आहे आणि चिनी शाळकरी मुले त्याचा धडा वाचतात.

२७/ इतरांनाही काळाने न्याय दिला, पण तो वीस-तीस वर्षांनी. तांग शाओयी १९१२ मध्ये चिनी प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान झाला. शाळेच्या संघातून बेसबॉल खेळलेला ल्यांग चेंग वॉशिंग्टनला चीनचा वकील म्हणून गेला. बॉक्सर बंडानंतर चीनवर लादलेल्या दंडातली जादा रक्कम अमेरिकेने परत करावी, म्हणून त्याने चिकाटीने वाटाघाटी केल्या. त्या पैशातून चिनी विद्यार्थी पुन्हा अमेरिकेस जाऊ लागले आणि त्यांच्या तयारीसाठी १९११ मध्ये छिंग-ह्वा ही शाळा निघाली. आजचे छिंग-ह्वा विद्यापीठ ते हेच. अर्ध्यावर बोलावलेल्या मुलांनी पुढच्या पिढ्यांसाठी तीच वाट पुन्हा उघडली.

२८/ ही मुले परतल्यावर दोन वर्षांनी, १८८३ च्या जूनमध्ये, कल्याणच्या जोशी घराण्याची लेक न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली. आनंदीबाई १८ वर्षांच्या होत्या. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या घरी त्या राहिल्या आणि त्यांना ‘मावशी’ म्हणू लागल्या. निघण्यापूर्वी सेरामपूरच्या जाहीर भाषणात त्यांनी सांगून टाकले होते की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या इस्लामबूली यांच्यासमवेत त्यांचे १८८५ चे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिघीही आपापल्या देशाच्या वेषात.

२९/ दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की एक फरक दिसतो. आनंदीबाईंनी काय सोडायचे आणि काय राखायचे, याची रेघ स्वतः ओढली होती, आणि कार्पेंटरमावशींनी ती जपली. चिनी मुलांना ही रेघ आखण्याचे वयही नव्हते आणि अधिकारही नव्हता. एका बाजूने दरबार ती आखत होता, दुसऱ्या बाजूने यजमानांचे प्रेम ती पुसत होते. मात्र रेघ कुणीही आखो, तिची झळ ज्याला त्याला सोसावीच लागली. परतलेल्या आनंदीबाई १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांच्या अस्थींची रक्षा कार्पेंटरमावशींनी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली.

३०/ चर्चमधून पळून गेलेला यान फू ली स्वतःच्या हिमतीने पुन्हा अमेरिकेस आला आणि १८८७ मध्ये येलचा पदवीधर झाला. १८८९ मध्ये त्याने एका प्रतिष्ठित अमेरिकन नियतकालिकात चिनी स्थलांतरितांच्या बाजूने लेख लिहिला. चिन्यांना हाकला, ही तेव्हाची घोषणा. ते इथे राहिलेच पाहिजेत, हे त्याचे उत्तर. चिनी लोक मिसळत नाहीत, हा विरोधकांचा एक मुख्य आक्षेप होता. मिसळून दाखवलेल्या माणसाने दिलेले ते उत्तर होते.

३१/ आणि युंग विंग? ज्या अमेरिकेचे नागरिकत्व त्याने १८५२ मध्ये घेतले, तिने १८९८ मध्ये ते अमान्य केले. कारण एवढेच की तो चिनी. चीनमध्ये सुधारणावाद्यांना साथ दिल्याने तिथेही त्याला आसरा उरला नाही. १९०२ मध्ये तो अमेरिकेत पोहोचला, धाकट्या मुलाचा येलमधला पदवीदान समारंभ पाहायला. १९१२ मध्ये हार्टफर्डलाच त्याचा मृत्यू झाला. आयुष्यभर दोन देशांत पूल बांधणाऱ्या या माणसाला अखेरीस कायद्याने कुठलाच देश नव्हता. ज्यांनी त्याला मित्र मानले, ते गाव तेवढे होते.

३२/ या हकिकतीत मुलांचा दोष शोधू गेल्यास सापडत नाही. त्यांना शिकायला पाठवले आणि ती शिकली. कुटुंबात ठेवले आणि ती कुटुंबाची झाली. परक्या समाजात रुळणे हा केवळ विद्यार्थ्याच्या स्वभावाचा प्रश्न नसतो. कुणी दार उघडावे लागते, आणि परतल्यावर घरचे दारही उघडे असावे लागते. हार्टफर्डच्या घरांनी पहिले काम केले. दुसरे काम व्हायला चीनला तीस वर्षे लागली. तोवर ती मुले प्रौढ झाली होती, आणि काहींच्या वाट्याला ती वर्षे आलीच नाहीत. (समाप्त)